टेकडी हिरवी, मग चित्र का नाही?

प्रश्न : निवृत्तीनंतर जलरंग हाती घेतले. मुलेसुद्धा वापरतात, म्हणजे सोपे असणार, असे वाटले होते. गच्चीतून पारसिकची टेकडी रंगवतो. पावसाळ्यात ती हिरवीगार असते, पण पेटीतला हिरवा लावला की चित्र प्लास्टिकच्या झाडासारखे दिसते. रंग हलक्या प्रतीचे आहेत, की माझ्या हातातच कला नाही?
– एक वाचक, सेक्टर ८, सीबीडी बेलापूर

उत्तर : हात ठीक आहे, रंगही बहुधा ठीकच असतील. गोची आहे ती ‘झाड म्हणजे हिरवे’ या शाळेपासून मुरलेल्या समजुतीत.

पानातले हरितद्रव्य प्रकाशातला तांबडा आणि निळा भाग शोषते, हिरवा बराचसा परतवते. इथवर समजूत बरोबर. पण ढगाळ दिवशी ओल्या पानावर आभाळ चमकते आणि पान राखाडी दिसते. तेच पान उन्हाच्या आड धरले, तर प्रकाश त्यातून आरपार येतो आणि ते पिवळसर दिसते. शिवाय आंब्याची कोवळी पालवी तर चक्क तांबूस असते. पेटीतला हिरवा मात्र सहसा एकच, थंड आणि निळसर. तो सगळ्या टेकडीला फासला की प्लास्टिक होणारच.

खाडीकाठी जाऊन तिवराची फांदी जवळून पाहा. पान वरून हिरवे, खालून पांढरट राखाडी. हे झाड खाऱ्या चिखलात वाढते आणि जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत त्याचे बारीक कण पानावर दिसतात. वारा आला की पाने उलटतात आणि अख्खी झाडी रुपेरी होते. इथे पेटीतला हिरवा काय कामाचा?

म्हणून हिरवा स्वतः बनवावा. लेमन यलोत प्रशियन ब्लू घातला तर तकतकीत, कोवळा हिरवा मिळतो. अल्ट्रामरीनमध्ये मुळातच तांबडी झाक असते आणि तांबडा हा हिरव्याचा विरोधी रंग; त्यामुळे अल्ट्रामरीनने होणारा हिरवा दबका, सावलीला योग्य. त्यात बर्न्ट सिएनाचे टोक लावले की जुनी पाने तयार.

मागची खारघरची टेकडी निळसर दिसते, हाही भास नव्हे. मधली हवा आणि तिच्यातली वाफ निळा प्रकाश जास्त विखुरते. म्हणून दूरच्या टेकडीत पिवळा कमी, निळा आणि पाणी जास्त.

आता ‘सोपे’पणाविषयी. मुले शाळेत बहुधा पोस्टर कलर वापरतात. ते अपारदर्शक, चुकले तर वरून झाकता येते. जलरंगात प्रकाश रंगाच्या पातळ थरातून जाऊन पांढऱ्या कागदावरून परततो, म्हणून चित्रातला उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. झाकायची सोय जवळजवळ नाहीच. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या मुलीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगातले आहे हे ऐकून लोक चकित होतात. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात! पोरखेळ असता, तर असा घोटाळा झाला नसता.

एक स्थानिक अडचण मात्र खरी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कागद वाळता वाळत नाही आणि ओलसर थरावर दुसरा रंग दिला की चिखल होतो. कागदाला हाताची मागची बाजू लावा. गार लागला, तर आत ओल आहे, थांबा.

आणि सुरुवातीलाच अख्खी टेकडी कशाला? तुमच्याच सेक्टरात चार्ल्स कोरियांनी आखलेले आर्टिस्ट व्हिलेज आहे. मधल्या अंगणाभोवती सात-सात घरांचे पुंजके, त्यांच्या आसपास झाडी. तिथले एकच झाड निवडा, पेटीतल्या हिरव्याचे झाकण बंद ठेवा आणि दोन पिवळे, दोन निळे व बर्न्ट सिएना एवढ्यावर भागवून पाहा. जमले की टेकडीकडे वळा; ती सप्टेंबरअखेरपर्यंत तरी हिरवी असतेच.