खिशातली बॅटरी : गरज की ओझे?

विजेरी हा काय लेखाचा विषय झाला, असे आमचे काही मित्र म्हणतीलच. नांदेडच्या वसतिगृहात माझ्या खिशात सदैव एक छोटी बॅटरी असते (विजेरी हा शब्द पुस्तकातला; बोलताना आम्ही बॅटरीच म्हणतो), आणि तिच्यावरून माझी थट्टाही सदैव होते. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये दिवा असताना हे आणखी एक लोढणे कशाला? प्रश्न रास्त आहे. तेव्हा वकिली न करता दोन्ही बाजू पाहू.

आधी तोटे. खिशात किल्ल्यांबरोबर घासून बटण आपोआप दाबले जाते आणि ऐन वेळी बॅटरी उतरलेली सापडते. चार्जिंगच्या बॅटरीतला लिथियमचा सेल उन्हात तापू देऊ नये म्हणतात; आमच्याकडचा मे महिना तर सर्वांना ठाऊकच आहे. साधे सेल महिनोन्‌महिने तसेच आत राहिले की पाझरतात, पत्रा गंजतो. फार प्रखर झोत हाही दोषच. तो एकदा डोळ्यांवर आला की अंधाराला पुन्हा नीट सरावायला वीसेक मिनिटे, कधी अधिकही लागतात. दिव्यांच्या रस्त्याने खोलीवर येणाऱ्याला मोबाईल पुरतो, हे मी कबूल करतो.

पण मी औसा तालुक्यातला. आमच्याकडे शेतीपंपाची थ्री-फेज वीज बरीच वर्षे पाळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, मिळत आली. रात्रीच्या पाळीला अण्णा मोटार सुरू करायला निघत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. मण्यार रात्रीच हिंडते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. घोणस पाचोळ्यात पडून असली तर ओळखू येत नाही. मोबाईलचा दिवा चार पावलांपुढे जात नाही. आणि त्याच्या उजेडापायी मोबाईलच बंद पडला, तर दवाखान्यात न्यायला गाडी बोलावणार कशी? उजेड आणि संपर्क एकाच सेलवर अवलंबून ठेवणे मला धोक्याचे वाटते.

दुसरे कारण किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणेश विसर्जन. लोक थकून झोपलेले. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची जड माळवदे कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. माझा जन्म त्यानंतरचा. आजी सांगते, धुळीने शेजारी कोण उभे आहे तेही दिसेना. हाका ऐकू येत, पण कुठून ते कळेना. कंदील ढिगाऱ्याखाली. तेव्हापासून तिच्या उशाशी बॅटरी असते, आणि निजण्यापूर्वी ती एकदा लावून पाहते.

राहिला प्रश्न कोणती घ्यावी याचा. जुन्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेतच वाया जाई. एलईडीमुळे तेच सेल कितीतरी जास्त टिकतात. शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी अण्णांसाठी चार्जिंगची एलईडी बॅटरी नेली होती. झोत पार बांधावरच्या लिंबापर्यंत पोचला तेव्हा ते खूश झाले. पंधरा दिवसांनी मात्र त्यांनी ती परत दिली. "लाईट गेली की ही बी उपाशी. सेल कसं, दुकानात कवाबी भेटतेत." त्यांनी आपली दोन सेलची पत्र्याची बॅटरीच पुन्हा खुंटीला लावली. परत आलेली ती माझ्या खिशात आहे.