मांसाकडे नको, कडेकडे बघ

अगं, राणी घोडीच्या जखमेचा तू पाठवलेला फोटो बघितला. खाली लिहिलंयस, ‘ताई, बघ ना, कसं छान लाल मांस भरलंय!’ मला ते छान वाटलं नाही. लगेच घाबरू नकोस, आधी ऐक.

जखमेच्या मधे बघणं सोड आणि कडेला बघ. भोवतीची कातडी आत सरकतेय का? नवी कातडी येत असली की कडेला बारीक, फिकट गुलाबी पट्टी दिसते. राणीच्या पायावर ती दिसत नाही. मांस मात्र कातडीच्या वर फुलकोबीसारखं आलंय. जखम बुजवायचं काम मांसाचं, पण मिटवायचं काम कातडीचं, आणि तिला असला उंचवटा चढता येत नाही. ती तिथेच अडून राहते, मांस वाढतच जातं.

यात तुझा हलगर्जीपणा नाही. घोड्याच्या पायाची गतच तशी. पुढच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या वाकलेल्या सांध्याखाली नुसती कातडी, कंडरा आणि हाड. मांसल भाग जवळजवळ नाहीच. कातडी ताणलेली, रक्तपुरवठा बेताचा, पाय सतत हलणारा, शिवाय माथेरानची ती लाल धूळ. राणीच्या पायाला लागला तोच पत्रा कुशीवर लागला असता, तर जखम आपोआप आकसून निम्मी झाली असती. पायावर आकसणं फारसं होत नाही. कातडीला कडेपासून आत यावं लागतं, आणि पायावर तिचा वेग दिवसाला साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे ४ सेंटिमीटर रुंदीची जखम नुसत्या कातडीच्या भरवशावर टाकलीस, तर सहा-सात महिने धर. सगळं सुरळीत झालं तर!

आणखी एक गंमत सांगते. घोड्यापेक्षा तट्टाची जखम लवकर भरते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या पशुवैद्य यासिंता विल्मिंक यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी दोघांच्या जखमा शेजारी ठेवून अभ्यासल्या. तट्टाच्या जखमेत सूज पटकन येते, जोरात येते, घाण साफ करते आणि ओसरते. घोड्याची सूज सुरुवातीला मंद असते आणि नंतर आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. त्या धुमसण्यातूनच हे फाजील मांस वाढतं. म्हणून शेजारच्या तट्टाची जखम महिन्यात भरली, राणीची का नाही, असं मनाला लावून घेऊ नकोस.

आता तबेल्यातली जाणती माणसं काय सांगतील ते मला माहीत आहे. मोरचूद लाव, चुना लाव, मांस जळून जाईल. त्यांचा मान ठेव, चहा पाज, पण डबी हातात घेऊ नकोस. मोरचुदाला मांस आणि कातडी यांतला फरक कळत नाही. कडेला जी कोवळी कातडी येऊ बघतेय, तीच आधी जळते. धुवायला मिठाचं पाणी पुरे: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड-दोन चमचे.

डॉक्टर बहुधा ते मांस कापायचं म्हणतील. तू रडशील, मला माहीत आहे. पण त्या मांसात वेदनेच्या नसा नसतात, त्यामुळे तिला दुखत नाही. रक्त मात्र भरपूर येतं, बघणाऱ्याला वाटतं पायच कापला. खालून वर कापत जातात, म्हणजे ओघळणारं रक्त कापायच्या जागेवर येत नाही. कातडीच्या पातळीला आणलं की कडेला पुन्हा वाट मिळते. मग दाबाची पट्टी, कधी थोडे दिवस स्टेरॉइडचं मलम. ते मलम स्वतःच्या मनाने आणून लावायचं नाही हं. चुकीच्या वेळी लावलं तर भरणंच थांबतं. पट्टीचंही तसंच. सुरुवातीला ती हवीच, पण जखम बुजल्यावर आठवडेच्या आठवडे गच्च गुंडाळून ठेवली तर खाली मांसाला उलट जोर येतो. कधी सोडायची ते त्यांनाच विचार. जखम फार मोठी असेल तर मानेवरच्या कातडीचे बारीक तुकडे त्यात रोवतात, तेही बरेचदा छान धरतात.

आणि मी तुझ्या जागी असते तर त्यांना दोन गोष्टी नक्की विचारल्या असत्या. एक, आत हाडाचा मेलेला तुकडा तर नाही ना? पायाला लागलं की हाडाचा वरचा पापुद्रा कधी कधी मरतो, आणि तो काढेपर्यंत पू थांबत नाही. एक्स-रेमध्ये कळतं. दुसरं, हे नक्की फाजील मांसच आहे ना? पावसाळ्यात माश्या ओल्या जखमेत जंताच्या अळ्या सोडतात, मग तांदळाच्या कणीएवढे पिवळे दाणे निघतात आणि जनावर खाजवून हैराण होतं. आपल्याकडे त्या जखमांना ‘बरसाती’ म्हणायची जुनी पद्धत आहे. त्याला जंताचं औषध लागतं, नुसतं कापून भागत नाही. सारकॉइड नावाची गाठही हुबेहूब अशीच दिसते, आणि अर्धवट कापली तर चिडून दुप्पट होते. म्हणून कापलेला तुकडा फेकू देऊ नकोस, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासायला पाठवता येईल का ते विचार.

धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली ते वहीत बघ. आठवत नसेल तर दिलीच नाही असं धरून चाल. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा प्राणी क्वचितच. आज संध्याकाळच्या आत डॉक्टरांना गाठ. ते मिळाले नाहीत तर पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ क्रमांकावर फोन लाव.

हंगाम चाललाय, एक घोडी बसून आहे, खुराक मात्र चालूच, हे मला कळतं. दाजींशी पैशाचं मी बोलते. तू दर चार दिवसांनी फोटो पाठव, जखमेशेजारी शाळेची मोजपट्टी धरून, एकाच बाजूने, एकाच उजेडात. तुझ्या ‘बरी वाटतेय’वर माझा काडीचा विश्वास नाही, पोरी.