सिमेंटच्या सांगाड्यात जळतं तरी काय?

प्रश्न : आमच्या घरासमोर एका टॉवरचं काम चालू आहे. सगळं सिमेंट, लोखंड आणि विटा. तरीही अशा अर्धवट इमारतींना आग लागल्याच्या बातम्या येतात. तिथे जळण्यासारखं असतं तरी काय? आणि ही आग आधीच टाळण्याची काही आखणी असते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : काँक्रीट जळत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण ते ओतून घट्ट होईपर्यंत धरून ठेवायला सेंट्रिंगचं प्लाय लागतं, बल्ल्या लागतात. बाहेरून जाळी असते. आत थर्माकोल, पॅकिंगचे पुठ्ठे, रिकाम्या गोण्या, रंग, थिनर, जनरेटरच्या डिझेलचे पिंप, गॅस कटिंगचे सिलिंडर. गच्चीवर डांबरी पट्टे बर्नरच्या ज्योतीने चिकटवले जात असतात. पूर्ण झालेल्या इमारतीत एवढा जळाऊ माल एका मजल्यावर क्वचितच सापडेल.

आणि आगीला अडवणाऱ्या गोष्टी तर सगळ्यात शेवटी येतात. जिन्याचे अग्निरोधक दरवाजे, बुजवलेल्या डक्ट, पाण्याचे फवारे, धोक्याची घंटा, यातलं काहीच तेव्हा बसलेलं नसतं. लिफ्टची उघडी पोकळी धुराड्यासारखी धूर वर ओढते. ग्लासगो येथील प्रसिद्ध कलाविद्यालयाची इमारत 2014 मध्ये जळाली होती. तिची पुनर्बांधणी चालू असताना जून 2018 मध्ये ती पुन्हा पेटली, तेव्हा नवे फवारे अजून सुरूच झालेले नव्हते. जळणारं सगळं आलेलं आणि वाचवणारं काहीच न आलेलं, हा मधला काळ इमारतीच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून त्या काळासाठी वेगळी आखणी हवी. पूर्ण इमारतीच्या मंजूर नकाशातली अग्निसुरक्षा तेव्हा कागदावरच असते.

आग लागते कशी, हे समजायला दक्षिण कोरियातल्या इचॉनची घटना पाहावी. तिथे एका गोदामाचं बांधकाम संपत आलं होतं. 29 एप्रिल 2020 रोजी तळघरात वेल्डिंग चालू असताना ठिणगी भिंती-छताच्या युरेथेन फोमवर उडाली. लगेच ज्वाळा उठल्या नाहीत. फोम आतल्या आत धुमसत राहिला आणि मग एकदम भडकला. 38 कामगार गेले. पोलिसांच्या तपासात जे पुढे आलं ते वाचताना जीव तुटतो. मुदत गाठण्यासाठी एरवी वेगवेगळ्या दिवशी करायची कामं एकाच दिवशी लावली होती, त्यामुळे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त माणसं आत होती. ठिणग्यांवर लक्ष ठेवायला नेमलेला माणूस जागेवर नव्हता. सुटकेची एक वाटही बंद केलेली होती. ठिणगी हे निमित्त होतं. ती माणसं वेळापत्रकाने मारली, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणूनच आग टाळण्याची आखणी अग्निशामक नळकांडी मोजण्यापासून सुरू होत नाही. कोणतं काम कोणत्या कामाच्या शेजारी आणि कधी चालेल, इथून ती सुरू होते. फोम किंवा थिनरचं काम चालू असलेल्या भागात वेल्डिंग नको, हा पहिला नियम. वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडिंग यांसाठी चांगल्या साइटवर रोजच्या रोज हॉट वर्क परमिट काढतात. सही करणाऱ्याने जागेवर जाऊन पाहायचं असतं : सुमारे अकरा मीटरच्या परिघात जळाऊ काही नाही ना, स्लॅबमधली भोकं झाकली आहेत का, खालच्या मजल्यावर कोण आहे. ऑफिसात बसून सही केलेलं परमिट नसल्यासारखंच. काम संपल्यावरही एक माणूस तिथे थांबतो, कारण धुमसणं डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतल्या मानकात हा पहारा आधी अर्ध्या तासाचा होता, 2019 च्या आवृत्तीत तो एक तासाचा झाला. संध्याकाळी सहाला सुट्टी असेल, तर वेल्डिंग पाचच्या आत थांबलं पाहिजे. मुकादमाला हे पटवणं सगळ्यात कठीण असतं.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. मजले चढतील तसा पाण्याचा उभा पाइपही चढला पाहिजे आणि त्यात दाबाने पाणी हवं. कचरा रोज खाली. एक जिना कायम मोकळा आणि उजेडाचा. अग्निशमन दलाचा बंब आत येईल एवढं फाटक आणि त्यासमोर विटांचे ढीग नकोत. कामगार त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर राहत आणि स्वयंपाक करत असतील, तर हे तातडीने थांबवायला हवं. पुण्याजवळ मांजरी येथे 21 जानेवारी 2021 रोजी बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली, त्यात पाच कामगारांचा जीव गेला. अशा आगीत बहुतेक वेळा तेच सापडतात, कारण आत तेच असतात.

तुमची स्वतःची सोसायटीही कधीतरी दुरुस्तीला किंवा रंगाला निघेल. तेव्हा हाँगकाँगच्या ताई पो भागातलं वांग फुक कोर्ट लक्षात ठेवा. 26 नोव्हेंबर 2025 रोजी दुरुस्ती चालू असलेल्या या वसाहतीच्या आठपैकी सात इमारती पेटल्या आणि दीडशेहून अधिक माणसं दगावली. बाहेर परांची आणि जाळी होती, खिडक्यांवर फोमचे तक्ते लावले होते. काही जाळ्यांचे नमुने आगरोधक कसोटीला उतरले नाहीत, असं तपासात दिसलं. त्यामुळे कंत्राटदाराला जाळीचं आगरोधक प्रमाणपत्र मागा, खिडक्या झाकायला काय वापरणार ते लेखी घ्या, आणि काम चालू असेपर्यंत इमारतीची घंटा व पंप बंद करू देऊ नका. समोरच्या साइटवर कामाची वेळ संपल्यावर कुठे धूर दिसला, तर वॉचमनला विचारत बसू नका, थेट 101 फिरवा.