फिरती करवत व ढकलकाठी

१९७० सालीं स्थापन झालेल्या सिडको मंडळानें वसविलेल्या या नव्या मुंबईंत ऐरोलीपासून खारघरपर्यंत कोठें ना कोठें, एखाद्या घरीं सुतारकाम चाललेलेंच असतें. कपाटें, पलंग, स्वयंपाकघरांतील फडताळें हीं आतां तयार विकत मिळतात; तरी पुष्कळ कुटुंबें तीं घरींच करवून घेतात. अशा घरांत गेल्यास खोलीच्या मधोमध प्लायवूडचें एक ओबडधोबड मेज दृष्टीस पडतें. त्याच्या पृष्ठभागावर अरुंद फट असून तींतून दांतेरी चक्राचा थोडा भाग वर आलेला असतो. हातांत धरून चालवावयाचें चार इंची कटर उलटें करून मेजाच्या खालच्या अंगास स्क्रूंनीं आवळलें, कीं ही फिरती करवत सिद्ध होते. युक्ति स्वस्त आहे, व कसबी हातांत तिचें काम सुबकहि होतें. मात्र कटर उलटें बसवितांना त्याचें झांकण बहुधा काढून टाकतात, आणि त्याचा खटका दाबलेलाच ठेवतात. यंत्र करणाऱ्यानें हातासाठीं दिलेलीं दोन्ही संरक्षणें अशा रीतीनें पहिल्याच दिवशीं नाहींशीं होतात.

या चक्राचा वेग किती, हें विद्यार्थ्यांनीं स्वतःच गणित करून पाहावें. व्यास ११० मिलिमीटर धरा. म्हणजे परिघ सुमारें ३४५ मिलिमीटर झाला. मिनिटास १२,००० फेरे धरले, तर दांताचें टोंक एका सेकंदांत सुमारें ६९ मीटर, म्हणजे तासास जवळजवळ २५० किलोमीटर जातें. हार्बर मार्गावरील लोकलगाडी याच्या निम्म्या वेगानेंहि धांवत नाहीं. धोका ध्यानांत येऊन हात मागें घेईपर्यंत सेकंदाचा पांचवा हिस्सा जातो. तेवढ्यांत चक्राचे चाळीस फेरे झालेले असतात. म्हणून ‘मी जपून करीन’ हें आश्वासन येथें पुरेसें नाहीं. हात पात्याजवळ जाण्याचें कारणच पडूं नये, अशी व्यवस्था आधीं करावी लागते.

पात्यास बोट लागणें हा धोका सर्वांस दिसतो. दुसरा तितका दिसत नाहीं, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे. पात्याचे कापणाऱ्याकडील दांत लांकडास खालीं मेजावर दाबतात. पलीकडचे दांत मात्र वर येत असतात. फळी किंचित वांकडी फिरली, किंवा कापलेली चीर मिटून पात्यास आवळूं लागली, कीं हे पलीकडचे दांत ती फळी उचलून कापणाऱ्याच्या अंगावर फेंकतात. फळी निसटली, कीं तिच्यावर रेटलेला हात आधार सुटून थेट पात्यावर जातो. कारखान्यांतील चांगल्या करवतीला पात्यामागें एक पातळ पोलादी जीभ असते. ती चिरेंत शिरून तिला मिटूं देत नाहीं. घरच्या मेजाला ही जीभ नसते. लांब फळी चिरतांना मध्येंच यंत्र थांबवून, चक्र अगदीं स्थिर झाल्यावर, चिरेंत लहानशी पाचर बसविल्यास ती उणीव थोडीबहुत भरून निघते, पूर्ण नव्हे.

आतां साधनांकडे वळूं. हीं सर्व टाकाऊ तुकड्यांतून होतात; आणि तीं लांकडाचींच असावीं, कारण पात्यास लागलीं तर लांकूड कापलें जाईल, लोखंड उडेल.

उभी चीर काढतांना फळी ज्या सरळ पट्टीस टेकवून सरकवितात, ती टेकपट्टी दोन्ही टोंकांस शिकंज्यांनीं पक्की धरावी. नुसती एका हातानें दाबून धरलेली पट्टी नसलेलीच बरी. प्लग काढून, पुढच्या दांतापासून व मागच्या दांतापासून पट्टीचें अंतर मोजावें. मागचें अंतर थोडें जरी कमी भरलें, तरी फळी तेथें अडकून उलटते.

हात पात्यापासून वीतभर अंतराच्या आंत येऊं लागला, कीं ढकलकाठी घ्यावी. बारा मिलिमीटर प्लायवूडची, सुमारें फूटभर लांब काठी, आणि तिच्या टोंकाशीं पक्ष्याच्या उघड्या चोचीसारखी खांच, एवढेंच तिचें रूप. खांचेंत फळीची मागील कड बसते, व काठी तिला खालीं दाबून पुढें लोटते. अरुंद पट्ट्यांसाठीं आम्हांस इस्त्रीच्या आकाराचा ठोकळा अधिक पसंत आहे. त्याचा तळ फळीवर लांबवर टेकतो, व मागें खालीं उतरलेली टांच तिला ढकलते. त्यामुळें फळीचें पुढचें टोंक उचललें जात नाहीं.

फळी टेकपट्टीपासून दूर सरकूं नये म्हणून कंगवा करतात. फळीचें एक टोंक तिरपें कापून त्यांत लांकडाच्या रेषांच्या दिशेनें जवळजवळ समांतर चिरा पाडल्या, कीं लवचिक दांते तयार होतात. ते फळीस पुढें जाऊं देतात, मागें येऊं देत नाहींत. कंगवा पात्याच्या अलीकडेच बसवावा. पात्याच्या बाजूस बसविल्यास तो चीरच दाबून मिटवितो, आणि जें टाळावयाचें तेंच घडवितो.

आडव्या कापासाठीं सरकता पाट उत्तम. तळफळीखालीं दोन पट्ट्या मेजाच्या दोन्ही कडांस लागून सरकतील अशा ठोकाव्या, वर गुण्यानें तपासून काटकोनांत आडवी फळी बसवावी, आणि पातें जेथें बाहेर येतें तेथें मागें जाड ठोकळा लावावा. आंगठा नेमका तेथेंच जात असतो. आखूड तुकडा टेकपट्टीस टेकवून आडवा कापूं नये. तो फिरतोच.

पातें लांकडाच्या वर दांतभरच दिसावें. उभें राहावयाचें तें पात्याच्या रेषेंत नव्हे, जरा बाजूस. हातमोजे घालूं नयेत. दांत मोज्यास धरतात व हातहि ओढतात. भुसा व तुकडे चक्र थांबल्यावरच काढावे.

इंग्लंडांत १९२२ च्या नियमांनीं हातानें चालविल्या जाणाऱ्या प्रत्येक फिरत्या करवतीपाशीं ढकलकाठी ठेवणें सक्तीचें केलें. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यानें, कलम २१ अन्वयें, यंत्राच्या धोकादायक भागांस कुंपण घालावयास लावलें. परंतु जेथें दोन-तीन सुतार महिनाभर काम करून जातात, तें राहतें घर कारखाना नव्हे. तेथें निरीक्षक येत नाहीं. पाहावयाचें तें घरमालकानेंच. सुतारमामांशीं मजुरीचें ठरवितांना पालकांनीं झांकणाचें, टेकपट्टीचें व पाटाचेंहि ठरवावें, आणि त्यांस लागणारा अर्धा दिवस मजुरींत धरावा. घाई बहुधा आपलीच असते.

मुलांनीं ही करवत चालवूं नये. ढकलकाठी मात्र त्यांस साध्या हातकरवतीनें व कानशीनें एका दुपारीं करतां येईल. कडा गुळगुळीत घासून, टोंकास भोंक पाडून, ती मेजाच्या उजव्या अंगास दोरीनें टांगावी. शोधावी लागली तर कोणी वापरीत नाहीं.

अपघात झालाच, तर प्लग काढावा, जखम स्वच्छ कापडानें घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेलें बोट ओलसर स्वच्छ कापडांत गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवींत बंद करावें, व ती पिशवी बर्फांत ठेवावी. बोट प्रत्यक्ष बर्फावर किंवा पाण्यांत ठेवूं नये. मग वेळ न दवडतां, बोट जोडण्याची शस्त्रक्रिया जेथें होते अशा रुग्णालयांत जावें. तें आपल्या घरापासून कोणतें, हें काम सुरू होण्यापूर्वींच विचारून दारामागें लिहून ठेवावें.