टेपच्या शेवटी राहिलेली ओवी



जात्याची घरघर तुम्ही शेवटची कधी ऐकली? जरा आठवून पाहा. ज्यांचे वय साठीच्या पुढे गेले आहे, त्यांच्या कानात ती अजून असेल. पहाटे कोंबडा आरवायच्या आत आई उठत असे. ती जात्याचा खुंटा धरी. घरघर सुरू झाली, की तिच्या मागोमाग ओवी येई. आम्ही वाकळेत पडल्या पडल्या ती ऐकत असू.

मग गावात पिठाची गिरणी आली. आईच्या हाताचे घट्टे गेले. हे फार चांगले झाले. दळणाचे कष्ट काही गोड नव्हते. पण कष्ट गेले तशी ओवीही गेली. तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. आम्हीही नाही.

तुळजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात आमचा साक्षरतेचा वर्ग चालतो. रात्री जेवणे आटोपून चौदा-पंधरा बाया येतात. एकदा आम्ही म्हणालो, "उद्या अभ्यास नाही. उद्या प्रत्येकीने आपले आवडते गाणे आणायचे. गाऊन दाखवा, नाहीतर मोबाइलवर ऐकवा."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरून गेला. एकीने प्रल्हाद शिंदे यांचे भक्तिगीत लावले. ते सगळ्यांना पाठ होते. एकीने भाच्याच्या लग्नातला गोंधळ आणला होता. तुळजापूरच्या भवानीचा आपला मुलूख. लग्न झाले की घरोघरी गोंधळ घालतात. संबळाचा ठेका, तुणतुण्याची तार, झांजेची साथ. मोबाइलमधून ते सगळे आले, आणि दोघीतिघींच्या माना डोलू लागल्या. एका आराधीण बाईंनी कवड्यांची माळ सावरून देवीचे गाणे तोंडानेच म्हटले.

मग एक सून पुढे आली. ती म्हणाली, "गुरुजी, माझं गाणं नाही. आमच्या आत्याबाईचं हाय." तिची सासू मागच्या वर्षी वारली. मरणाआधी चार महिने तिने डाळ भरडताना ओव्या म्हटल्या होत्या. नातवाने त्या मोबाइलमध्ये घेतल्या होत्या. सुनेने बोट लावले. आधी जात्याची घरघर आली. मध्येच शेळी ओरडली. मग म्हातारी खोकली, आणि ओवी सुरू झाली.

वर्गात सगळ्या दचकल्या. "अगं बया, म्हातारी घरात हाय का काय!" असे कोणीतरी बोलले. मेलेल्या माणसाचा आवाज कानावर पडला, की अंगावर काटा येतोच. आमच्याही आला.

इतक्यात एक बाई उठून ओसरीवर गेली. आम्ही मागे गेलो. ती म्हणाली, "गुरुजी, तिच्या आत्याबाईचा आवाज तरी हाय. माझ्या मायचा आवाज कसा होता, ते मला आता आठवत बी नाही."

तिचे माहेर सास्तूरचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हे दोन जिल्हे भूकंपाने हादरले. गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. हजारो माणसे गेली. त्यांत तिची आई गेली. तेव्हा ही नऊ वर्षांची होती.

आम्ही तिला काय सांगणार? त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. कारण आमचाही एक अपराध आहे. तो आता सांगतो.

१९८५ साली आमच्या बहिणीचे लग्न होते. आम्ही नुकता टेपरेकॉर्डर घेतला होता. लग्नाची हळद जात्यावर दळायची होती. आई म्हणाली, "त्या डबड्यात माझा आवाज कशाला रे?" पण तिने ओव्या म्हटल्या. पहिली देवाची, मग माहेरची, मग भावाची. कॅसेटची एक बाजू, म्हणजे अर्धा तास, भरली.

दोन वर्षांनी यात्रेच्या दिवसांत शेजाऱ्यांना भजने हवी होती. नव्या कॅसेटला पैसे पडत. आम्ही म्हणालो, आई काय घरातच आहे, पुन्हा केव्हाही म्हणेल. आणि तीच कॅसेट घालून तिच्यावर भजने भरली. आईने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. १९९१ साली आई गेली.

आता, नवे भरले की जुने का जाते, ते समजून घ्या. कॅसेटमध्ये पातळ पट्टी असते. तिच्यावर लोखंडाच्या संयुगाच्या बारीक भुकटीचा थर असतो. आवाज म्हणजे हवेची थरथर. यंत्र त्या थरथरीची वीज करते. विजेने चुंबकाचा जोर कमीजास्त होतो, आणि त्याची खूण भुकटीवर उमटते. पण नवा आवाज भरताना यंत्र आधी जुनी खूण पुसते. शाळेतल्या फळ्यासारखेच ते. पुसलेले अक्षर परत येत नाही.

ती कॅसेट आमच्या ट्रंकेत पडून होती. वर्गातल्या त्या रात्रीनंतर आम्ही ती काढली. सोलापुरातल्या एका कारागिराने जुना टेपरेकॉर्डर चालू करून दिला. कॅसेट वर्गात नेली आणि बायांना सारे खरे सांगितले. मग कळ दाबली.

भजनांमागून भजने झाली. शेवटचे भजन संपले. खट्ट असा आवाज झाला. आणि एकदम जात्याची घरघर आली! भजने अर्ध्या तासाला थोडी कमी पडली होती. तेवढी पट्टी पुसायची राहिली होती. आईचा आवाज आला. भावाची ओवी होती. ती निम्म्यावर आली, तोच आई थांबली आणि म्हणाली, "झालं का रे?" पट्टी संपली.

चाळीस सेकंद, फार तर. आम्ही डोळे पुसले. वर्गात कोणी बोलेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका आजीने हळूच सूर धरला, आणि आईची ती राहिलेली ओवी पुरी केली. आजी दुसऱ्या गावची. आमच्या आईला तिने कधी पाहिलेही नव्हते. पण ओवी एकीची नसतेच. ती माहेराहून सासरी जाते, एका जात्यावरून दुसऱ्या जात्यावर जाते. जाताना भावाचे नाव तेवढे बदलते.

आवाज धरून ठेवण्याची ही विद्या फार जुनी नाही. अमेरिकेत एडिसनने १८७७ साली पहिले यंत्र केले. धातूच्या पातळ पत्र्यावर सुई खूण करी. त्यावर त्याने मुलांचे एक बडबडगीत बोलून ठेवले. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान या गायिकेचे गाणे तबकडीवर घेतले. गाणे संपले, की त्या स्वतःचे नाव सांगत. तबकड्या जर्मनीत तयार होत. नाव ऐकून तिथल्या कारागिरांना ती कोणाची ते कळे. ही युक्ती ध्यानात ठेवा.

पण गौहर जान मोठ्या गायिका. जात्यावरच्या बाईला कोण विचारतो? विचारणारेही निघाले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगावच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढे बर्नार्ड बेल या फ्रेंच अभ्यासकाने साथ दिली. शंभर तासांहून जास्त आवाज टेपवर घेतला गेला. १९९६ साली ही मंडळी आपल्या मराठवाड्यातही आली. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांच्या ओव्या गाऊन दिल्या. परभणी जिल्ह्यात ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज घेतला. २०१७ पासून हा ठेवा 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर लोकांसाठी खुला होत गेला. मोबाइलवर तो कोणालाही ऐकता येतो.

म्हणजे ज्या आवाजाची आम्ही चार पैशांच्या कॅसेटइतकीही किंमत केली नाही, तसल्याच आवाजांसाठी माणसे एवढी पायपीट करीत होती!

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. घरात म्हातारे माणूस असेल, तर आजच त्याचा आवाज घ्या. पण आधी त्याला विचारा. सासुरवासाची ओवी चारचौघांत जावी, असे प्रत्येकीला वाटत नाही. ती नको म्हणाली, तर नको. गाणे संपल्यावर तिला नाव, गाव आणि तारीख बोलायला सांगा. मोबाइल पडतो, बिघडतो, बदलतो. म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी प्रत ठेवा. आणि ओवी वहीत लिहून काढा. अक्षर शिकलो ते कशासाठी?

सास्तूरच्या त्या बाईने दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या आजीला गाठले. म्हणाली, "आजी, ती कालची पुन्हा म्हणता का? मायचा आवाज तर गेला. मायची ओवी तरी असंल." आजीने म्हटली. बाईने ती मोबाइलमध्ये घेतली. मग वही उघडली आणि ओवी लिहिली. खाली आजीचे नाव, गाव, तारीख लिहिली. तीन चुका होत्या. आम्ही त्या त्या दिवशी दाखवल्या नाहीत.

शब्दांचे अर्थ
वाकळ – जुन्या कपड्यांची गोधडी
भरडणे – जाडसर दळणे
आराधीण – देवीची गाणी म्हणणारी भक्त बाई
तबकडी – गाणे भरलेली गोल चकती

विचार करा व सांगा
१. नवे भरले की कॅसेटमधले जुने का पुसते?
२. गाणे संपल्यावर नाव का सांगावे?
३. तुमच्या घरातली कोणती ओवी किंवा गाणे तुम्ही जपून ठेवाल? वहीत चार ओळी लिहा.