जुन्या सर्व्हरला नवी चाल

बागेतल्या रबरी नळीची तोटी सोडली की पाणी दुसऱ्या टोकाशी यायला काही क्षण लागतात. तेवढ्यात नळीत किती पाणी मावते? प्रवाहाचा दर गुणिले वेळ. विद्यार्थी मित्रांनो, एवढे गणित ध्यानात ठेवा.

संगणक माहितीची लहान लहान पाकिटे करून पाठवतो आणि पलीकडचा संगणक त्यांची पोच देतो. ही देवघेव बहुधा टीसीपी नावाच्या संकेताप्रमाणे चालते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून ४०० यार्डांवरचे विद्यापीठ यांच्यामधील वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. म्हणजे सेकंदाला पाच अक्षरे! चिठ्ठी घेऊन चालत जाणारा शिपाई बरा. व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरल्स यांनी १९८८ साली यावर उपाय मांडला. पाकीट हरवले की वाटेत कोंडी झाली असे समजून हात आखडता घ्यायचा, मग हळूहळू सैल सोडायचा.

हा नियम पुढे अपुरा पडू लागला. वाटेवरच्या यंत्रांची साठवण मोठी झाली, त्यामुळे रांग तुडुंब भरेपर्यंत पाकीट हरवतच नाही. नुसता उशीर वाढतो. उलट बिनतारी मार्गावर कोंडी नसतानाही पाकीट हरवते आणि पाठवणारा उगाच थबकतो.

म्हणून २०१६ साली गूगलमधील संशोधकांनी (त्यांत जेकबसनही होते) 'बीबीआर' ही पद्धत मांडली. ती हरवलेल्या पाकिटांवर विसंबत नाही. पोच येण्याचा जास्तीत जास्त दर आणि पोच येण्यास लागणारा कमीत कमी वेळ मोजते. समजा, दर सेकंदाला १ कोटी बिट आणि वेळ ०.१ सेकंद आहे. गुणाकार १० लाख बिट, म्हणजे १,२५,००० बाइट; १,५०० बाइटांची सुमारे ८३ पाकिटे. एवढीच वाटेत असली की नळी भरते, पण रांग लागत नाही.

गंमत अशी की या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजता येत नाहीत. दर पाहायचा तर नळी भरावी लागते, खरा वेळ पाहायचा तर रांग रिकामी हवी. म्हणून मूळ बीबीआर साधारण दर १० सेकंदांनी, सुमारे ०.२ सेकंद, वाटेत फक्त चार पाकिटे ठेवून पाहते.

आता जुन्या सर्व्हरचे काय? हा नियम संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीत नसून तिच्या खालच्या कर्नेलमध्ये असतो. लिनक्सच्या ३.१० या कर्नेलमध्ये बीबीआर नव्हते. ते डिसेंबर २०१६ च्या ४.९ मध्ये आले. तेव्हा वरची जुनी प्रणाली तशीच ठेवून कर्नेल नवे बसवायचे, यंत्र पुन्हा सुरू करायचे आणि दोन नोंदी बदलायच्या: नियमाचे नाव 'बीबीआर' आणि पाकिटे ठरावीक अंतराने सोडणारी रांग 'एफक्यू'. (४.१३ पासून ही दुसरी नोंद अनिवार्य राहिली नाही.) वाचणाऱ्याच्या फोनमध्ये काहीच बदलावे लागत नाही, कारण पोच पूर्वीसारखीच येते.

तरी घाई नको. जेथे वाटेतली साठवण लहान, तेथे पहिल्या आवृत्तीचे बीबीआर जुन्या नियमाने चालणाऱ्यांना बाजूला रेटते. आधी एका यंत्रावर लावून, आधीचे व नंतरचे आकडे ताडून पाहावे.

एक उदाहरण तुम्ही सोडवा. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पाकीट जाऊन पोच परत येईपर्यंत हे अंतर चारदा कापावे लागते. दर सेकंदाला २० लाख बिट असेल, तर वाटेत किती पाकिटे हवीत?