रॅम्प आहे, मग अडतं कुठे?

प्रश्न : वडील व्हीलचेअरवर असतात. तपासण्यांसाठी त्यांना परंड्याहून धाराशिवला न्यावं लागतं. रॅम्प असला तरी चार माणसं लागतातच. सोयींचा नियम फक्त सरकारी दवाखान्यांना आहे, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : ऐकीव गोष्ट आधी निकालात काढू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २५ सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांचं नाव घेतं. त्यांच्या सर्व भागांत विनाअडथळा जाता यावं आणि दिव्यांगांना तपासणी-उपचारात अग्रक्रम मिळावा, ही व्यवस्था शासनानं व स्थानिक संस्थांनी करायची आहे. ‘सर्व भागांत’ म्हणजे एक्स-रेची खोली आली, लघवीचा नमुना द्यायचं स्वच्छतागृहही आलं.

आता रॅम्प. त्याचा चढ एकास बारा हवा. जोतं दोन फूट उंच असेल, तर रॅम्प चोवीस फूट लांब लागतो. जागा नाही म्हणून तो आठ फुटांत उरकला, की त्याची घसरगुंडी होते आणि ढकलायला माणसं लागतात. तुमची चार माणसं बहुधा इथेच खर्ची पडत असावीत!

उरलेली अडचण आत आहे. रक्त खुर्चीत बसूनही घेता येतं, छातीचा एक्स-रेही बहुतेकदा बसून निघतो. पण कंबरेच्या एक्स-रेसाठी टेबलावर झोपावंच लागतं. टेबल खाली-वर होणारं असेल, तर खुर्चीतून त्यावर सरकता येतं. नसेल, तर उचलण्यावाचून इलाज नाही. एमआरआयची गोष्ट वेगळी. तिथलं चुंबक इतकं जबर, की साधी लोखंडी व्हीलचेअर आत ओढली जाईल. तुमची खुर्ची बाहेर ठेवायला लावतात तो आडमुठेपणा नव्हे. मात्र चुंबकाला न चिकटणारी खुर्ची किंवा स्ट्रेचर केंद्रानं द्यायला हवं.

काही सोयींना तर पैसाही लागत नाही. ‘श्वास रोखा’ ही पडद्याआडची सूचना कर्णबधिर माणसाला कशी कळणार? हाताची खूण आधी ठरवली की काम भागतं.

निघण्यापूर्वी केंद्राला फोन करून टेबल खाली-वर होतं का आणि स्वच्छतागृहात खुर्ची जाते का, एवढं विचारून घ्या. दाद मिळाली नाही, तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.